उरणारे यकृत पुरेल का? आयसीजी चाचणीचे एक प्रकरण

पुरुष, वय ५८, वजन ७२ किलो, उंची १६८ सेंमी. मधुमेह १४ वर्षे जुना, दारू नाही. यकृतात चरबी साठत जाऊन सिरोसिसची सुरुवात झालेली आणि उजव्या भागात ७.४ सेंमीची गाठ: हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे यकृताच्या पेशींचाच कर्करोग. पोटात पाणी नाही, बिलिरुबिन ०.९, अल्ब्युमिन ३.७, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) १.१, प्लेटलेट १ लाख ४२ हजार. कागदावर चाइल्ड-प्यू ‘ए’, म्हणजे सिरोसिसच्या तीव्रतेची सर्वात सौम्य श्रेणी. गाठ उजव्या पोर्टल शाखेला (आतड्याकडचे रक्त यकृतात आणणाऱ्या शिरेच्या उजव्या फाट्याला) खेटलेली, त्यामुळे थोडाच भाग कापून भागणार नव्हते. काढायचे तर यकृताचा सगळा उजवा अर्धा काढायचा, म्हणजे उजवी हेपॅटेक्टमी.

हा कुणी एक रुग्ण नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा येणारे पेच एकत्र आणून हे प्रकरण रचले आहे. रुग्णाचे आकडे नमुन्याचे आहेत, उंबरठे आणि पद्धती मात्र प्रत्यक्ष वापरातल्या.

सीटीवर आकारमान मोजले. यकृत १६२० मिलि, त्यातली गाठ २१० मिलि, म्हणजे कामाचे यकृत १४१० मिलि. उजवा भाग काढल्यावर उरणार ४१० मिलि, म्हणजे २९.१ टक्के. निरोगी यकृताचे २० टक्के उरले तरी माणूस तगतो, बराच काळ केमोथेरपी झालेली असेल तर ३० टक्के लागतात आणि सिरोसिस असेल तर ४० टक्के धरतात. इथेच पहिला वाद उभा राहतो. भागाकार कशाने करायचा? शरीराच्या पृष्ठफळावरून (इथे १.८३ चौमी) अपेक्षित यकृत काढायची पाश्चात्य रुग्णांवर बेतलेली व्होदेची सूत्रपद्धत १५२८ मिलि देते, जपानी रुग्णांवर बेतलेली उराताची १२९७ मिलि देते. तेच ४१० मिलि पहिल्या हिशेबाने २६.८ टक्के होतात, दुसऱ्याने ३१.६. कोणतेही सूत्र धरा, पण त्याच रुग्णात मध्येच बदलू नका. इथे वाढीची पुढची तुलना १५२८ ने केली आहे; कामाच्या गुणाकारात मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सीटीवर मोजलेलाच अंश धरला आहे.

मिलिलिटर मोजून पेशी काम करतात की नाही हे कळत नाही. त्यासाठी आयसीजी, म्हणजे इंडोसायनिन ग्रीन.

बोटावरून यकृत मोजणे

हा हिरवा रंग शिरेत दिला की रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो, यकृताच्या पेशी तो उचलतात आणि कोणताही बदल न करता पित्तात टाकतात. मूत्रपिंड त्याला हात लावत नाही. निरोगी माणसात दर ३-४ मिनिटांनी रक्तातले प्रमाण निम्मे होते. हा रंग ८०५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सर्वाधिक शोषतो. त्याच पट्ट्यात ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन जवळपास सारखेच शोषण करतात, म्हणून फरक दिसतो तो रंगाचाच. बोटाला क्लिप लावून ८०५ आणि ९०० च्या आसपासचे दोन प्रकाश आरपार सोडायचे आणि नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारे शोषण मोजायचे. ही पल्स डाय डेन्सिटोमेट्री. हाती येतो पीडीआर, म्हणजे दर मिनिटाला टक्क्यांत रंग नाहीसा होण्याचा वेग. १८ च्या वर असेल तर सामान्य. आर१५ म्हणजे १५ मिनिटांनी शिल्लक राहिलेला टक्का. सामान्य यकृतात तो १० च्या खाली असतो. दोन्ही एकाच रेषेची दोन नावे आहेत.

तयारीत लहानसहान गोष्टीच घात करतात. कुपी २५ मिग्रॅची येते. ती निर्जंतुक पाण्यातच विरघळवायची. सलाईनमध्ये रंगाचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. ७२ किलोला ०.५ मिग्रॅ/किलोने ३६ मिग्रॅ लागतात, म्हणजे दोन कुप्या. प्रत्येकीत ५ मिलि पाणी घातले की ५ मिग्रॅ/मिलि होते आणि ७.२ मिलि भरायचे. विरघळवलेला रंग ६ तासांच्या आत वापरायचा, तोवर उजेडापासून झाकून ठेवायचा. रंगात सोडियम आयोडाइड असते, त्यामुळे आयोडीनची ॲलर्जी आधी विचारायची. रुग्ण उपाशी, उताणा, निदान १५ मिनिटे शांत पडलेला असावा. कॅन्युला कोपराच्या मोठ्या शिरेत, क्लिप दुसऱ्या हाताच्या उबदार बोटाला, नखाला रंग नको. इंजेक्शन एका दमात द्यायचे आणि लगेच १० मिलि सलाईनने पुढे ढकलायचे. पुढची काही मिनिटे ऑक्सिमीटर खोटे, कमी आकडे दाखवतो. नवख्या परिचारिकेला हे आधी सांगून ठेवलेले बरे, नाहीतर ऑक्सिजनचा मास्क घेऊन धावपळ होते.

पहिला आकडा, जो चुकीचा होता

पहिल्या दिवशी पीडीआर आला ९.८, म्हणजे आर१५ २३ टक्के. मुंबईत असो वा टोकियोत, हा आकडा घेऊन बसलेला शल्यविशारद जपानी शल्यविशारद माकुउचींच्या निकषांकडे पाहील. पोटात पाणी नाही आणि बिलिरुबिन १ च्या आत, अशा रुग्णात आर१५ १० च्या खाली असेल तर उजवी हेपॅटेक्टमी करता येते. १० ते १९ मध्ये डावी हेपॅटेक्टमी किंवा उजवा एक सेक्टर (उजव्या अर्ध्याच्या पुढच्या-मागच्या दोन भागांपैकी एक). २० ते २९ मध्ये फक्त एक सेगमेंट (यकृताच्या आठ भागांपैकी एक). ३० ते ३९ मध्ये कडेचा मर्यादित तुकडा. ४० च्या वर नुसती गाठ सोलून काढणे. २३ म्हणजे शस्त्रक्रिया बाद.

पण आलेख नीट पाहिला तर रंगाचे शिखर उशिरा आलेले, बुटके, आणि मागे दुसरा उंचवटा. कारण हातावरच दिसत होते. कॅन्युला मनगटाच्या मागच्या बारीक शिरेत होती आणि तिच्याभोवती हिरवट सूज आली होती. थोडा रंग शिरेबाहेर झिरपला आणि सावकाश रक्तात येत राहिला. रंग एकाच वेळी आत गेला असे यंत्र गृहीत धरते, त्यामुळे उशिरा येणाऱ्या रंगाचा दोष ते यकृताच्या माथी मारते. रक्तदाबाचा पट्टा कॅन्युलाच्याच हातावर असेल आणि नेमका तेव्हाच फुगला तरी असेच होते. म्हणून आधी आलेख पाहायचा, आकडा त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा केली आणि पडताळ्यासाठी दुसऱ्या हातातून ५, १०, १५ मिनिटांना रक्त घेतले. नमुने काळ्या कागदात गुंडाळून, सीरम वेगळे करून ८०५ नॅनोमीटरवर वाचले. रक्त फुटलेले किंवा चरबीने गढूळ असेल तर हे वाचन फसते. सुरुवातीचे प्रमाण १० मिग्रॅ/लिटर धरून नमुने आले ४.९, २.४ आणि १.२. लॉग कागदावर तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत पडले, उतार ०.१४२. बोटावरचा पीडीआरही १४.२. आर१५ ११.९ टक्के. (हे १० मिग्रॅ/लिटर म्हणजे किलोमागे ५० मिलि प्लाझ्मा हे गृहीतक आहे. खूप स्थूल माणसात किंवा पोटात पाणी असेल तर ते कोसळते, आणि तेव्हा आर१५ पेक्षा उतारच भरवशाचा.)

बिलिरुबिन वाढलेले असते तर ही चाचणी लावण्यातच अर्थ नव्हता. पेशीच्या दारावरची ओएटीपी ही वाहक प्रथिने बिलिरुबिन आणि रंग दोघांसाठी तीच, त्यामुळे कावीळ असली की रंग बाहेर ताटकळत राहतो. तीच प्रथिने जन्मतः नसलेल्या रोटर सिंड्रोममध्ये यकृत ठणठणीत असूनही आर१५ भरमसाट येतो. रंगाचा निचरा रक्तपुरवठ्यावरही ठरतो, म्हणून पोर्टल रक्त यकृताला वळसा घालून जात असेल किंवा प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर आकडा पेशींचा कमी आणि रक्तप्रवाहाचा जास्त असतो. या रुग्णात यांपैकी काही नव्हते.

गुणाकार

११.९ म्हणजे सेगमेंटच्या वरची पायरी, पण उजव्या हेपॅटेक्टमीच्या खालची. नेमका याच पट्टीत निकष अपुरा पडतो, कारण आर१५ सगळ्या यकृताचा असतो आणि प्रश्न उरणाऱ्या भागाचा असतो. म्हणून जपानमधल्या नागोयाच्या गटाने पित्तनलिकांच्या कर्करोगात रूढ केलेला हिशेब लावला: उताराला उरणाऱ्या अंशाने गुणायचे. ०.१४२ × ०.२९१ = ०.०४१. उंबरठा ०.०५. कमी पडले.

या गुणाकारात एक गृहीतक दडलेले आहे: यकृताचा प्रत्येक मिलिलिटर सारखेच काम करतो. तसे नसते. आणि ०.०५ गाठले तरी ते आजचे काम झाले. कापल्यावर उरलेल्या पेशी विभागून वाढतील का, हे कोणताही रंग आज सांगू शकत नाही. वाढ ही आव्हानाला दिलेली प्रतिक्रिया आहे, आणि ती पाहायची तर आव्हान द्यावे लागते.

आव्हान म्हणजे पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन. उजव्या पोर्टल शाखेत लिपिओडॉल (क्ष-किरणात दिसणारे तेल) मिसळलेला गोंद सोडून ती बंद केली. आतड्याकडून येणारे सगळे पोर्टल रक्त डावीकडे वळले. या रक्तातच वाढीचे घटक असतात, त्यात इन्सुलिनही येते. जुन्या मधुमेहात वाढ मंद पडते, म्हणून दरम्यान साखर आटोक्यात ठेवणे शस्त्रक्रियेच्या तयारीइतकेच मोलाचे. चौथा सेगमेंट उरणार होता, त्यामुळे त्याच्या शाखांना हात लावला नाही.

चार आठवड्यांनी सीटी केला. डावा भाग ४१० वरून ५६० मिलि, उजवा १००० वरून ८७० मिलि. उरणारा अंश ३९.२ टक्के झाला. १५२८ च्या हिशेबाने २६.८ वरून ३६.६, म्हणजे ९.८ टक्के अंकांची वाढ, आठवड्याला २.४५. यालाच वाढीचा वेग म्हणतात, आणि आठवड्याला २ च्या वर असेल तर शस्त्रक्रियेनंतर यकृत निकामी होण्याचा धोका कमी असतो. हा उंबरठा मुख्यतः मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये ठरलेला आहे, तिथे यकृत सिरोसिसचे नसते. पण सिरोसिस असलेल्या यकृताने तो गाठणे ही त्याहून मोठी गोष्ट आहे. आमच्या मते ४० टक्क्यांच्या खाली राहिलेल्या आकारमानापेक्षा हा वेगच या प्रकरणात निर्णायक होता. आकार किती आहे यावरून यकृत कुठवर आले ते कळते, वेगावरून ते निघाले आहे की नाही ते कळते.

आयसीजी पुन्हा केली. पीडीआर १४.०, जवळजवळ तसाच. ‘काहीच सुधारले नाही’ असा याचा अर्थ लावणे ही नेहमीची चूक. एकूण काम तेच राहिले, पण ते उजवीकडून डावीकडे सरकले. बोटावरच्या क्लिपला ही हलवाहलव दिसत नाही. गुणाकार मात्र आता ०.१४० × ०.३९२ = ०.०५५. शस्त्रक्रिया नऊ दिवसांनी ठरली. दोन दिवसांत केली असती तर चाचणीचा रंग यकृतात शिल्लक असता आणि कॅमेऱ्याला सगळेच चमकताना दिसले असते. सिरोसिस असलेले यकृत रंग सोडायला जास्त वेळ घेते.

शस्त्रक्रियागृहात

अवरक्त कॅमेरा रंगाला ७८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने डिवचतो आणि ८३० च्या आसपासचा परत येणारा प्रकाश टिपतो. छताचे दिवे बंद करावे लागतात, त्यांच्यातला अवरक्त भाग चित्र धुवून टाकतो. दृष्टी ५ ते १० मिलिमीटर खोल, त्यापलीकडे काही नाही.

इंजेक्शनआधी एक कोरे चित्र घेतले. नऊ दिवसांपूर्वीच्या रंगाने गाठ उजळली होती, जशी सामान्य पेशींशी बरेच साम्य राखलेल्या पेशींची गाठ उजळते. ती रंग उचलते पण पित्तात टाकू शकत नाही. पण डाव्या भागात, तिसऱ्या सेगमेंटवर, ४ मिलिमीटरचा आणखी एक ठिपका चमकला. सोनोग्राफीला तिथे काही दिसले नाही. एक सेंमीचा तुकडा कापून तातडीच्या तपासणीला पाठवला: पुनर्निर्मितीची गाठ, कर्करोग नाही. सिरोसिसमध्ये असे खोटे ठिपके नेहमीचेच. दिसेल ते कापत सुटलो तर जे उरायला हवे तेच कमी होते.

मग खरी परीक्षा. उजवी पोर्टल शाखा आधीच बंद होती. उजव्या हेपॅटिक आर्टरीला बुलडॉग क्लॅम्प लावला, ५ मिनिटे थांबून रक्तदाब स्थिर होऊ दिला आणि ०.२५ मिग्रॅ/किलो, म्हणजे १८ मिग्रॅ दिले. कॅमेरा आणि बोटावरचा मापक एकाच वेळी चालू. मर्यादा आधीच ठरली होती: पीडीआर ५ च्या खाली (म्हणजे ०.०५ च्या उंबरठ्याखाली) आला तर पोट बंद करायचे.

पीडीआर आला ८.३. गुणाकाराच्या हिशेबाने (०.०५५) ५.५ अपेक्षित होता, त्यामुळे खुश होण्याऐवजी संशय आला. कॅमेऱ्यात उत्तर होते. डावा भाग उजळला, उजवा पुढचा भाग काळा राहिला, पण उजव्या मागच्या सेक्टरवर हळूहळू प्रकाश पसरत होता. सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरीतून निघून पोर्टल शिरेमागून येणारी जादा धमनी सुटली होती. सीटीच्या अहवालात तिची एक ओळ होती. म्हणजे ८.३ मध्ये कापल्या जाणाऱ्या भागाचेही काम धरले गेले होते. कॅमेरा नसता तर हा आकडा खरा मानला गेला असता.

त्या धमनीलाही क्लॅम्प लावला, पण लगेच दुसरी मात्रा देता येत नाही. मिनिटाला ७ टक्क्यांच्या वेगाने प्रमाण निम्मे व्हायला १० मिनिटे लागतात, तेव्हा ४० मिनिटे थांबणे आले. दिवसाची एकूण मात्रा ३६ मिग्रॅ होणार होती, किलोमागे २ मिग्रॅच्या कमाल मर्यादेच्या बरीच खाली. दुसरा पीडीआर ६.९. मर्यादेच्या वर, आणि गुणाकाराच्या ५.५ पेक्षाही जास्त. हे अनपेक्षित नव्हे: एम्बोलायझेशननंतर उरणाऱ्या भागाचे काम त्याच्या आकारापेक्षा वेगाने वाढते हे किरणोत्सारी रंगाच्या स्कॅननेही दिसलेले आहे. शस्त्रक्रिया पुढे नेली.

एक किंमत मोजावी लागली. काळ्या-उजळ सीमेवरून कापायची रेषा आखता आली असती, पण मागचा सेक्टर एकदा रंगला की पेशी तो तासन्‌तास धरून ठेवतात. तिथे सीमा गेली. शेवटी क्लॅम्पनंतरचा काळपटपणा आणि सोनोग्राफीत दिसणारी मधली हेपॅटिक शीर यांवरच रेषा धरली.

तो एक सेंमीचा तुकडा

तिसऱ्या सेगमेंटचा तुकडा तातडीच्या तपासणीतून उरला होता. संशोधनासाठी याची किंमत कापलेल्या मोठ्या उजव्या भागापेक्षा जास्त. उजवा भाग एम्बोलायझेशनने सुकलेला, त्यातून उरणाऱ्या यकृताबद्दल काही अनुमान काढणे चूक. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालायचा नाही. बर्फावर, फिनॉल रेड नसलेल्या माध्यमात (तो रंग स्वतःच चमकतो), तासाभरात दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

७५० नॅनोमीटरच्या उत्तेजनाला पेशीतले एनएडीएच (ऊर्जा तयार करताना वापरला जाणारा रेणू) स्वतःहून चमकते. चमक किती वेळ टिकते ते मोजले की मोकळे एनएडीएच (सुमारे ०.४ नॅनोसेकंद) आणि प्रथिनाला बांधलेले (२ ते ३ नॅनोसेकंद) वेगळे काढता येते. बांधलेल्याचा वाटा वाढणे म्हणजे पेशी मायटोकाँड्रियातल्या श्वसनाकडे झुकल्याचे लक्षण, आणि विभाजनाला लागणारी ऊर्जा तिथूनच येते. उंदीर-घुशींवर ही मोजणी चांगली बसते. घुशीत दोन तृतीयांश यकृत काढण्याची १९३१ सालची हिगिन्स-अँडरसन पद्धत वापरतात, त्यात डीएनए निर्मिती २४ तासांच्या आसपास शिखर गाठते आणि ७ ते १० दिवसांत वस्तुमान भरून येते. सूक्ष्मदर्शक लावायचा दिवस आधीच ठाऊक असतो.

माणसाच्या तुकड्यात गोंधळ जास्त. वयाबरोबर साठणारे लायपोफ्युसिन पिवळसर चमकते आणि मोजमाप दूषित करते. व्हिटॅमिन ‘ए’ भरलेल्या स्टेलेट पेशींची चमक एनएडीएचच्याच पट्ट्यात शिरते. रक्त नीट धुतले नाही तर हिमोग्लोबिन प्रकाश खाते. चरबीचे थेंब काळ्या भोकांसारखे दिसतात, आणि कापल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत निरोगी यकृतातही चरबी तात्पुरती वाढते, तेव्हा भोके दिसली म्हणून आजार ठरवू नये. सर्वात भरवशाची निघते ती कोलॅजनची दुप्पट-कंप्रतेची प्रतिमा: ८०० नॅनोमीटर आत, ४०० बाहेर, कोणताही रंग न लावता. तंतूंची जाळी किती दाट आहे ते थेट मोजता येते. पण ही सगळी माहिती शस्त्रक्रियेचा निर्णय झाल्यावर हाती येते, म्हणून अजून ती संशोधनातच आहे.

नंतर

पहिल्या दिवशी पीडीआर ७.४. ७ च्या खाली असलेल्या रुग्णांत यकृत अपुरे पडण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन ३.१ झाले आणि तिथून पुढे आयसीजी बंद केली. कावीळ असताना तिचे उत्तर वाचता येत नाही. पाचव्या दिवशी बिलिरुबिन १.८, आयएनआर १.४. ‘५०-५०’ निकष (प्रोथ्रॉम्बिन ५० टक्क्यांखाली आणि बिलिरुबिन ५० मायक्रोमोल, म्हणजे २.९ मिग्रॅच्या वर) पूर्ण झाला नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे मात्र पाचव्या दिवशी दोन्ही वाढलेले म्हणजे यकृताचा अपुरेपणा, श्रेणी ‘ए’. उपचारात बदल लागला नाही, तरी नोंदीत तो लिहिला. अशा रुग्णांना ‘काही झाले नाही’ म्हणून मोजले की पुढच्या रुग्णासाठीचे उंबरठे ढिले पडतात.

तिसाव्या दिवशी सीटीवर यकृत ७४० मिलि, म्हणजे १५२८ च्या हिशेबाने ४८ टक्के. बिलिरुबिन १.०. पीडीआर १०.९, शस्त्रक्रियेपूर्वीच्या १४ पेक्षा अजून कमी.